आधी टेबल, मग बोर्ड : केज तालुक्यातल्या आमच्या संस्थेच्या कामाच्या नोंदी

८ जुलै २०२४

लाडक्या बहिणीची गर्दी. सकाळी सातलाच माझ्या फॉर्म भरायच्या केंद्राबाहेर बाया येऊन बसलेल्या, कुणाच्या हातात राशन कार्ड, कुणाच्या हातात शाळेची टीसी, आणि नारीशक्ती दूत ॲप ओटीपीच पाठवीना. शेवटी बायांना म्हणलं चहा घ्या, रात्री अकरानंतर सर्व्हर मोकळा होतो तवा भरून टाकते, कागदं ठेवून जा.

तर त्या रांगेत एक मावशी होती, म्हणजे मावशी म्हणायचं इतकंच, वय असंल तिशीच्या आतबाहेर. नवरा वारून तीन वर्षं झालेली, दोन लेकरं. सहज विचारलं, संजय गांधी निराधारची पेन्शन चालू हाय का? तर म्हणली ते काय असतंय. मग म्हणलं लेकरांचं बालसंगोपन तरी? तेही नाही. महिन्याला एका लेकराला २२५० रुपये मिळतात, बाप नसलेल्या लेकरांना, तू अर्जच केला नाहीस? ती माझ्याकडं बघतच राहिली आणि म्हणली, "ताई, सरकार एवढे पैसे कामून देईल?" मागच्या बाया हसल्या, पण हसणाऱ्यांतल्या अजून दोघी तशाच निघाल्या.

सावित्रीबाई फुले बालसंगोपन योजना काय आजची नाही. जीआर आहे, पैसे आहेत, बीडला महिला व बालविकासचं ऑफिस आहे. गावात कुणी सांगितलंच नाही. रात्री ह्यांना म्हणलं, संस्था काढायची का आपण? हे म्हणले आधी आजचे फॉर्म तर काढ.

१७ जुलै

आषाढी. दुकानं अर्धी बंद, म्हणून घरीच बैठक ठेवली. शाबूची खिचडी आणि संस्था, दोन्ही एकदमच.

सीए दादानी समजावून सांगितलं. सोसायटी, ट्रस्ट नाहीतर कलम ८ ची कंपनी (नफा न वाटणारी), असे तीन रस्ते. कंपनीला दरवर्षीचं कागदकाम आणि खर्च आपल्याला झेपणार नाही. सोसायटी १८६० च्या कायद्याखाली, तिला कमीत कमी सात माणसं लागतात, आणि महाराष्ट्रात तीच संस्था १९५० च्या सार्वजनिक न्यास कायद्याखाली पण नोंदवावी लागते, दोन्हीचं ऑफिस एकच, धर्मादाय आयुक्तांचं. तेच ठरलं.

सात माणसं: आमचे अण्णा (सासरे, रिटायर गुरुजी), मी, धारूर रोडची अंगणवाडीतली रिटायर मॅडम, मेडिकलवाला भाऊ, एक वकील ताई, एक शेतकरी मामा आणि पोलीस भरतीची तयारी करणारा एक पोरगा. अण्णा म्हणले सगळे घरातले नकोत, लोक म्हणतील ह्यांनी दुकान टाकलं. बरोबरच होतं. अध्यक्ष कोण यावर जरा वेळ गेला, कारण प्रत्येकजण दुसऱ्याचं नाव घ्यायला लागला. आपल्याकडं एवढी नम्रता फक्त जबाबदारीच्याच वेळी दिसते.

मेडिकलवाल्या भावाचा प्रश्न खरा होता. म्हणला, अंबाजोगाईला मानवलोक १९८२ पासून काम करायलंय, शिरूर कासारच्या आर्वीला शांतिवन ऊसतोडवाल्यांची लेकरं सांभाळायलंय, मग आपण आणखी एक बोर्ड कशाला लावायचा? त्याला लगेच उत्तर देता आलं नाही. बऱ्याच वेळानं अण्णा बोलले. आपण वसतिगृह नाही काढायचं, शाळा नाही काढायची, वाटप तर अजिबात नाही. ज्या बाईची फाईल आहे तिच्या संगं फाईल संपेपर्यंत चालायचं, एवढं एकच काम. मी लिहून घेतलं.

२ ऑगस्ट

टाईप करणाऱ्याकडून नियमावलीचा नमुना आणला तर त्यात उद्दिष्टं चाळीसेक! गोशाळा, वृद्धाश्रम, क्रीडा संकुल, नर्सिंग कॉलेज, वृक्षारोपण, सामुदायिक विवाह. म्हणला ताई राहू द्या, पुढं उपयोगी पडतेत. त्याचं पण पूर्ण चूक नाही, नंतर उद्दिष्ट वाढवायचं म्हणलं की परत सभा, ठराव, ऑफिस. तरी वकील ताईनी पेन घेऊन सपासप काट मारली. राहिलं ते असं: एकल पालक कुटुंबांना योजनांचा लाभ मिळवून देणं, किशोरवयीन मुलामुलींचं शिक्षण चालू ठेवणं, तरुणांना मार्गदर्शन आणि रोजगाराची माहिती. नर्सिंग कॉलेज गेलं. टाईपवाल्याला लई वाईट वाटलं.

ठरवलेल्या नावांतली बरीचशी आधीच कुणीतरी घेतलेली. नवीन दिलंय, मंजूर झाल्यावरच बोर्डाचं बघू.

१५ ऑगस्ट

झेंडावंदनानंतर ग्रामसभा. आमच्या विषयाला शेवटी वेळ मिळाला, तवर निम्मी माणसं उठून गेलेली. पण खरं काम सभेच्या बाहेर झालं. अंगणवाडी ताई आणि आशा ताई दोघींना घेऊन शाळेच्या पायरीवर बसलो आणि वही काढली. कुठल्या घरात बाप नाही, कुठल्या घरात आई सोडून गेलीय, कुठं लेकरं आजीकडंच असतेत. त्यांना एकही कागद लागला नाही, गल्लीवार तोंडपाठ. मी नुसतं लिहीत होते आणि ही यादी गावात कायमच होती, फक्त वहीत नव्हती.

एक गोष्ट ठळक करून ठेवते. शेतकरी आत्महत्येची मदत एक लाख, त्यातले तीस हजार हातात आणि सत्तर हजार ठेवीत. पण प्रकरण "पात्र" ठरलं तरच. कर्ज बँकेचं, सोसायटीचं किंवा परवानाधारक सावकाराचं दाखवावं लागतं. आमच्याकडं पैसे कुणाचे असतात? पाहुण्याचे, ऊसतोडीला माणसं नेणाऱ्या मुकादमाचे, बिनपरवान्याच्या सावकाराचे, म्हणजे प्रकरण "अपात्र", आणि एकदा तो शिक्का बसला की त्या घराला वाटतं आता आपल्याला कायच मिळत नाही, परत तहसीलची पायरी नको. तर तसं नाही. बालसंगोपनला बाप कशानं गेला हे बघतच नाहीत. निराधारला सुद्धा विधवा आणि उत्पन्न एवढंच बघतेत, वर्षाला २१ हजाराच्या आत. हे प्रत्येक अपात्र घरी जाऊन सांगायचं. पहिलं काम हेच.

३ सप्टेंबर

दोन दिवस नुसता धो धो. पोळा पावसातच गेला, बैलांना झूल घालून दारातच उभं केलं. परभणी-हिंगोलीकडं तर फारच वाईट, आपल्याकडं पण सोयाबीन पाण्यात. आता सगळे पंचनाम्याच्या मागं, आमच्या कागदांना कुणाला वेळ नाही आणि तसं म्हणायचंही नाही.

२० सप्टेंबर

प्रस्ताव दाखल. विधानपत्र, नियमावली, सातजणांची संमतीपत्रं, ओळखीचे पुरावे, जागेचं नाहरकत आणि लाईट बिल. लाईट बिल अण्णांच्या वडिलांच्या नावावर निघालं, ते वारून किती वर्षं झाली. म्हणजे दुसऱ्यांची वारस नोंद करून देणारी मी आणि माझ्याच घराचा मीटर आजेसासऱ्यांच्या नावावर. मग मेडिकलवाल्या भावाच्या दुकानावरची खोली ऑफिस म्हणून दाखवली.

बालसंगोपनच्या फाईली पण सुरू केल्या, संस्थेचा नंबर येईपर्यंत कशाला थांबायचं, फॉर्म तर आईच्याच नावानं जातो. मृत्यूचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, राशन कार्ड, आधार, पासबुक, शाळेचं बोनाफाईड. आणि एक फोटो, आई आणि लेकरं घरासमोर उभी. हा फोटो लई वेळ खातो. एकीनं दारासमोरचं वाळत घातलेलं सगळं काढलं, अंगण झाडलं, पोराला दिवाळीचा शर्ट घातला, केसाला तेल. मी म्हणलं अहो मावशी, गरिबीचा अर्ज हाय हा. तर म्हणली, "असूद्या, फोटो तर चांगला यावा." तसाच काढला. चांगला आला.

१६ ऑक्टोबर

दसरा झाला आणि कालपासून आचारसंहिता. त्याच्या आधी एक मोठा माणूस (नाव लिहीत नाही) दोन गाड्या घेऊन आला होता. म्हणला चांगलं काम करायलात, पाचशे दप्तरं देतो, बोर्डावर मार्गदर्शक म्हणून नाव टाका. शेतकरी मामाला वाटत होतं घ्यावं, लेकरांचंच भलं आहे. वकील ताई म्हणली दप्तर दोन वर्षं टिकतंय, नाव कायम राहतंय. खूप वेळ चाललं. शेवटी अण्णा हात जोडून म्हणले, साहेब, दप्तरं शाळेत हेडमास्तरकडं द्या, आमच्याकडं बोर्डच नाही अजून. खोटं पण नव्हतं.

आणि बाँडचं. शंभरचा बाँड बंद होऊन पाचशेचा झाला म्हणून सगळीकडं घबराट, बाया विचारायलेत आता फाईलीला पाचशे कुठून आणायचे. तर लिहून ठेवते: सरकारी ऑफिसात द्यायच्या प्रतिज्ञापत्राला मुद्रांक लागतच नाही, २००४ पासून माफ आहे, साध्या कागदावर चालतं. हे मी केंद्राच्या दारावर मोठ्या अक्षरात चिकटवलं. बाजूच्या बाँडवाल्यानं दोन दिवस नमस्कार घेतला नाही.

२६ नोव्हेंबर

मतदान झालं, निकाल लागला, गावं रिकामी. काहीजण तर ऊसतोडीला आधीच गेलेले, साखर कारखाने १५ तारखेला सुरू झाले ना. कोयता म्हणजे नवराबायको मिळून एक, उचल (आगाऊ पैसे) दोघांवर घेतलेली, त्यामुळं थांबायचा प्रश्नच नाही. आता गल्लीत म्हातारी माणसं आणि लेकरं. दहा-बारा वर्षांच्या आतली बरीचशी संगं गेली, शाळेत पट दिसतो पण बाकं मोकळी.

हंगामी वसतिगृह शाळा व्यवस्थापन समितीनं चालवायचं असतं, लेकरं आजीकडं राहतेत आणि जेवण शाळेत. तिथं आमच्या भरतीवाल्या पोरांनी संध्याकाळी अभ्यास घ्यायचं ठरवलंय. ही पोरं आमची खरी ताकद, हे मला आता कळायलंय. पहाटे पाचला १६०० मीटर पळतेत, गोळा फेकतेत, दिवसभर अभ्यासिकेत, आणि जाहिरात, जीआर, कट ऑफ, कागदपत्र पडताळणी, सगळं तोंडावर. जातीच्या दाखल्यापासून नॉन क्रिमीलेअरपर्यंत कोणता कागद कुठल्या टेबलावर अडतो हे त्यांच्याइतकं तहसीलच्या बाहेरच्या कुणालाच माहीत नाही. घरात त्यांना म्हणतेत नुसता बसून खातो. म्हणून आमच्याकडं आता प्रत्येक फाईलीला एक पोरगा नाहीतर पोरगी जोडलेली. फाईल संपेपर्यंत बदलायचा नाही.

एक फाईल अवघड आहे. तिचा नवरा कराडकडं ऊसतोडीला गेला असताना तापानं कोपीतच (फडावरच्या झोपडीत) गेला, रातोरात टेम्पोत घालून गावी आणला, इथं माती झाली. नोंद तिथं नाही, इथं नाही. मृत्यू जिथं झाला तिथंच नोंद होते. एकवीस दिवसांत सोपं असतं, वर्ष उलटलं की दंडाधिकाऱ्याचा आदेश लागतो. हिचं वर्ष कधीच उलटून गेलं. दाखला नाही म्हणजे ती कागदावर विधवाच नाही. निराधार अडलं, बालसंगोपन अडलं, राशन कार्डावरून नाव कमी होईना.

१९ डिसेंबर

सोसायटीचा नंबर आला! न्यास नोंदणीची चौकशी अजून चालू आहे, हरकती मागवायची तीस दिवसांची नोटीस लागलीय. पेढे वाटले. अण्णा म्हणले हरकत तुझ्या सासूचीच येईल, स्वयंपाकाच्या वेळी तू कधी घरी नसतीस.

२८ जानेवारी २०२५

उशिरा होणाऱ्या जन्म-मृत्यू नोंदणीचे दाखले राज्यभर थांबवले. कुठंतरी खोटे जन्मदाखले निघाले म्हणून चौकशी लागली, ती लागायलाच पाहिजे, पण त्यात आमच्या कराडवाल्या फाईलीचं दार बंद. त्या बाईला सांगायला गेले तर ती शेंगा फोडत बसलेली. ऐकून घेतलं आणि म्हणली, "म्हंजी आता त्यो जित्ताच का?" यावर मी काय बोलणार.

मागच्या जुलैतल्या मावशीच्या लेकरांचं बालसंगोपन मंजूर झालंय पण पैसे अजून खात्यात नाहीत. मंजुरी आणि पैसे यांच्यामधलं अंतर किती असतं हे आधीच सांगून ठेवलं पाहिजे, नाहीतर बाया रोज पासबुक भरून बघतेत आणि हेलपाट्यात मजुरी बुडते. ऑफिसात विचारलं की एकच उत्तर, अनुदान आल्यावर. आम्ही आता दर महिन्याला लेखी विचारतो आणि पोच घेतो. तोंडी विचारलेलं कुणाच्या लक्षात राहत नाही, पोच असली की फाईल वर येते.

२२ मार्च

या साली ऊस कमी, कारखाने लवकर बंद, माणसं परतायलेत. काहीजणांची उचल फिटलेलीच नाही, म्हणजे पुढच्या हंगामाचं आत्ताच बांधून घेतलं.

उशिराच्या नोंदणीची नवी पद्धत आली. जाहीर प्रगटन, पोलिसांचा अभिप्राय, पुरावे. कडक आहे पण रस्ता तरी आहे. पोरांनी कागदं जमवलीत: गावच्या पोलीस पाटलाचा जबाब, मातीला हजर असलेल्या माणसांचे जबाब, टेम्पोवाल्याचा जबाब, मुकादमानं सुद्धा सही दिली, त्याला वाटलं होतं आपण त्याच्यावर केस करायलोत. लातूरला भरतीच्या लेखीत दोन मार्कानं राहिलेला आमचा पोरगा त्या बाईला आणि तिच्या दिराला घेऊन एसटीनं कराडला निघाला, बार्शी, पंढरपूर करत. तिला तिकीट अर्धं. तिथल्या ग्रामपंचायतीच्या माणसानं चांगली मदत केली, हे मुद्दाम लिहिते, कारण आपण फक्त अडवणाऱ्यांचंच लिहितो.

२५ एप्रिल

३० तारखेला अक्षयतृतीया. आशा ताईचा फोन, नववीतल्या एका पोरीचं लग्न ठरलंय.

एनएफएचएसच्या (राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण) पाचव्या पाहणीत, २०१९ ते २१ ची, वीस ते चोवीस वयाच्या बायांपैकी अठराच्या आत लग्न झालेल्या राज्यात साधारण २२ टक्के, बीड जिल्ह्यात ४४ च्या आसपास आणि परभणीत ४८. हा आकडा मी भाषणात किती वेळा ऐकला असेल, पण त्यात त्या आईचं गणित कुणी सांगत नाही. सहा महिने आम्ही फडावर, म्हातारी आंधळी, पोर एकटी, कुणाच्या भरवशावर ठेवू? तिला काळजी आहे ती खोटी नाही. त्याचं उत्तर काढल्याशिवाय नुसता कायदा सांगून उपयोग नाही.

तरी कायदा सांगितला. ग्रामसेवक हाच गावचा बालविवाह प्रतिबंधक अधिकारी असतो, त्याला घेऊन गेलो, १०९८ ला (लेकरांची हेल्पलाईन) पण कळवलं. बापानं हमीपत्र लिहून दिलं. एका वार्ताहरानं फोटो मागितला, वकील ताईनी त्याला दारातूनच परत लावलं. पोरीचा चेहरा झाकून छापला तरी गावाला कळतंय कोण ते, मग पुढं तिचं शाळेत येणं पण बंद.

आता लग्न थांबलं, पुढं काय? शाळा आठवीपर्यंतच गावात, नववीला तालुक्याला जावं लागतं. अहिल्याबाई होळकर योजनेत बारावीपर्यंतच्या पोरींना एसटीचा पास फुकट आहे आणि मानव विकास योजनेची निळी बस शेजारच्या फाट्यापर्यंत येते. फाट्यापासून गाव राहतंय दोन-अडीच किलोमीटर. त्या दोन किलोमीटरसाठी पोरीची शाळा सुटते, बाकी सगळी योजना जागेवर असून. वाटेवरच्या अजून पोरी जमवून एकत्र जायचं बघायलोत, आणि बस आत गावापर्यंत आणायचा अर्ज आगाराला दिलाय. हंगामात ती कुठं राहणार, हे दिवाळीच्या आत ठरवायचंय. मावशीकडं केजला ठेवायला बाप तयार आहे, आईचं अजून नक्की नाही.

१८ मे

न्यास नोंदणीचा दाखला, पॅन, खातं, सगळं झालं. सहीचे अधिकार दोघांना, एकट्याच्या सहीनं पैसा निघणार नाही. आयकराचं १२अ (संस्थेला सूट) आणि ८०जी (देणगी देणाऱ्याला सूट) दोन्हीचा १०अ फॉर्म ऑनलाइन टाकला, तात्पुरती मंजुरी तीन वर्षांची मिळते. पुण्याला कंपनीत असलेली गावातली पोरं विचारायलीत पैसे कसे पाठवायचे. त्यांना सांगितलंय, मंजुरी आली की पाठवा, आणि रोख दोन हजाराच्या वर दिले तर सूट मिळत नाही, खात्यावरच टाका. सीएसआरचं, म्हणजे कंपन्यांच्या सामाजिक कामाच्या पैशाचं, एवढ्यात नाही. मेडिकलवाला भाऊ फार मागं लागलाय, पण मोठा पैसा आला की आधी गाडी येते, मग बॅनर येतो, आणि फाईलीच्या मागं चालणारं माणूस ऑफिसात बसायला लागतं. माझं मत आहे, बाकीच्यांचं वेगळं असू शकतं.

अभ्यासिकेत १४४१६ चा कागद लावला, टेलिमानसचा नंबर, मन खचलं तर बोलायची सरकारी हेल्पलाईन. निकालानंतर एक पोरगा तीन-चार दिवस खोलीतून बाहेरच आला नव्हता. पोरांनी आधी चेष्टा केली, पण कागद कुणी फाडला नाही आणि एकानं त्याचा मोबाईलमध्ये फोटो काढून घेतला.

१३ जून

कराडचा मृत्यूदाखला आला. पोस्टानं नाही, पोरगाच जाऊन घेऊन आला. लगेच तिचे दोन्ही अर्ज तयार केले, निराधारचा तहसीलला आणि बालसंगोपनचा बीडला. उत्पन्नाच्या दाखल्याची मुदत मार्चलाच संपलेली, तो परत काढायचा.

१६ ला शाळा उघडतेत. पहिल्या दोन दिवसांत सगळ्या लेकरांचे बोनाफाईड एकदम घ्यायचे, नंतर हेडमास्तर ट्रेनिंगला जातात. दोन नव्या पोरींना फाईली शिकवायच्यात, एक बीए झालेली आणि एक आयटीआयवाली. फाट्यावरच्या बसचं आगारातून अजून उत्तर नाही, सोमवारी पोच दाखवून परत विचारायचं, वकील ताई येते म्हणलीय. मेडिकलवरच्या खोलीला पंखा.